कातडीची साक्ष

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्या घरात साधा थर्मामीटर नव्हता त्या घरातही बोटाला लावायचा चिमटा येऊन पोहोचला. सकाळी उठल्याबरोबर, देवाला हात जोडण्याआधी, बोट त्या चिमट्यात घालायचे आणि तांबड्या आकड्याकडे पाहायचे, असा तो काळ होता. ९७ म्हणजे निर्धास्त, ९३ म्हणजे धावाधाव, एवढे शास्त्र बेळगावच्या भाजीवालीपासून इंदूरच्या निवृत्त मास्तरांपर्यंत सर्वांना तोंडपाठ झाले. त्या चिमट्याने पुष्कळांना वेळेवर सावध केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याने आणखीही एक गोष्ट केली. कातडीवरून वाचलेला आकडा म्हणजे आतल्या रक्ताने शपथेवर दिलेली साक्ष, असा समज त्याने आपल्या मनात कायमचा बसवला.

हाच समज घेऊन आपण प्रसूतिगृहाच्या पायऱ्या चढतो. लेकीला किंवा सुनेला बाळंतपणासाठी कुठे न्यायचे हे ठरवताना घरातल्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, 'तिथे मशीन आहे ना?' मशीन म्हणजे पोटाला दोन पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांची आणि आईच्या कळांची रेघ कागदावर काढणारे यंत्र. ते नेमके काय मोजते, त्याची रेघ कोण वाचते, वाचणारा रात्री दोन वाजता जागा असतो का, हे कोणी विचारत नाही. मग मध्यरात्री केव्हातरी पडदा बाजूला सारून एक सिस्टर बाहेर येते, 'बेबीला डिस्ट्रेस आहे, इथे सही करा' म्हणते, आणि एरवी मोबाईल घेताना चार दुकाने पालथी घालणारा बाप कागद न वाचता सही करून मोकळा होतो. मी त्याला दोष देत नाही. त्या घटकेला कागद वाचत उभा राहणारा बाप मूर्खच म्हणावा लागेल. माझे भांडण आहे ते त्या घटकेच्या आधी नऊ महिने जे बोलले गेले नाही त्याच्याशी, आणि त्या रेघेला आपण सगळ्यांनी मिळून जे देवपण दिले आहे त्याच्याशी.

त्या रेघेला बाळाच्या रक्तातले काहीही प्रत्यक्ष ठाऊक नसते. रक्तातले वायू कळा चालू असतानाच कातडीवरून मोजण्याचा प्रामाणिक प्रयत्न युरोपात झाला, तो का फसला हेही कळले. आपण मात्र त्या फसण्यातून काही न शिकता त्याहून आंधळ्या यंत्रावर विसंबून बायकांच्या पोटांवर सुऱ्या चालवतो आहोत, हा माझा आरोप आहे. तो नीट मांडायचा तर आधी बाळाची बाजू समजून घ्यायला हवी.

पोटातले बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. त्याचा श्वास म्हणजे वार. आईच्या रक्तातला ऑक्सिजन वारेतून नाळेत उतरतो आणि बाळाचा कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने उलटा आईकडे जातो. मोठ्या माणसाच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ९५ मिलिमीटरच्या आसपास असतो. बाळाच्या वाट्याला येणारे सर्वांत चांगले रक्त, म्हणजे वारेकडून त्याच्याकडे येणारे, त्यात हा दाब जेमतेम ३० भरतो. जोसेफ बारक्रॉफ्ट या केंब्रिजच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने गर्भाच्या या अवस्थेला एव्हरेस्टवर राहण्याची उपमा दिली होती. तरी बाळ तिथे गुदमरत नाही, कारण त्याचे हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते आणि थोड्या दाबावरही ऑक्सिजन धरून ठेवते. त्याचे हृदयही आपल्या जवळजवळ दुप्पट वेगाने धावते. म्हणजे चिमट्याच्या आकड्यांनी आपल्याला जी भीती शिकवली ती बाळाला लागूच पडत नाही. त्याचे 'नॉर्मल' आपल्या दृष्टीने मरणाच्या दारातले असते.

कळ आली की गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्यातून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चेपतात आणि मिनिटभर पुरवठा तुटपुंजा होतो. कळ ओसरली की तो पूर्ववत. पहिलटकरणीच्या बाळंतपणात असे शेकडो वेळा घडते. नदीकाठची पोरे बुडी मारतात, वर येऊन श्वास घेतात, पुन्हा बुडी मारतात, तसेच हे. ठोके मंदावणे हा पुष्कळदा त्या बुडीचाच भाग असतो. धोका असतो तो दोन बुड्यांमधला वेळ अपुरा पडला तर. आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण घरच्यांना ती कोणी सांगत नाही. कळा वाढवण्यासाठी लावलेले सलाईन जरा जोरात सुटले की कळा एकीवर एक येऊ लागतात, बाळाला वर यायला उसंत मिळत नाही, आणि मग रेघ बिघडते. अशा वेळी पहिला उपाय शस्त्रक्रिया नव्हे. सलाईन थांबवायचे आणि आईला कुशीवर वळवायचे.

ऑक्सिजन खरोखरच कमी पडू लागला की बाळाच्या रक्तात आम्ल साठते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्ताचा सामू खाली येतो. मेंदूला इजा होते ती या आम्लतेच्या पुढच्या पायऱ्यांवर. तेव्हा ठोक्यांवरून अंदाज बांधत बसण्यापेक्षा थेट रक्तच का पाहू नये, हा विचार अगदी सरळ होता. पश्चिम बर्लिनमधल्या एरिख झालिंग या डॉक्टरने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी तो अमलात आणला. पाणमोट फुटल्यावर एका निमुळत्या नळीतून बाळाचे डोके पाहायचे, डोक्याच्या कातडीला बारीकसा छेद द्यायचा, दोन थेंब काचेच्या नळीत घ्यायचे आणि सामू मोजायचा. ७.२५ च्या वर असेल तर थांबायला हरकत नाही, ७.२० च्या खाली गेला तर बाळाला बाहेर काढायची तयारी करायची. पद्धत चोख, पण दर खेपेला नवा छेद, आणि दर खेपेला कळा देणाऱ्या बाईचे पाय बांधून तिला आडवे पाडणे. शिवाय हाती येणार ते त्या एका क्षणाचे चित्र. पुढच्या अर्ध्या तासात काय झाले ते कळायचे नाही.

म्हणून पुढचे स्वप्न पडले ते छेदाशिवाय, अखंड, कातडीवरून रक्तातले वायू वाचण्याचे. जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये आल्बर्ट आणि रेनाटे हुख या डॉक्टर दांपत्याने, डीट्रिख ल्युबर्स यांच्याबरोबर, १९७० च्या सुमारास त्याची वाट काढली. युक्ती अशी. अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी १९५६ साली ऑक्सिजन मोजणारा विद्युदग्र तयार केला होता. त्याची छोटी आवृत्ती कातडीवर चिकटवायची आणि खालची कातडी ४३-४४ अंशांपर्यंत तापवायची. उष्णतेने केशवाहिन्या फुलतात, रक्ताची वर्दळ वाढते आणि रक्तातला ऑक्सिजन कातडीतून झिरपून वरच्या पडद्यापर्यंत येतो. तिथे त्याच्या प्रमाणात बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो, तो मोजायचा. नवजात बालकांच्या छातीवर आणि पोटावर हे यंत्र उत्तम चालले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑक्सिजन कमी पडला तर जीव जातो आणि जास्त झाला तर डोळे जातात. त्या तारेवरच्या कसरतीत या यंत्राने डॉक्टरांना फार मोठा आधार दिला, आणि अशा बाळांच्या अतिदक्षता विभागात त्याची वंशावळ आजही नांदते आहे.

या यशाने धीर येऊन १९७० च्या दशकात तेच यंत्र जन्माच्या वाटेवर असलेल्या बाळाच्या डोक्याला लावून पाहिले गेले, आणि १९८० च्या दशकात त्याचे कार्बन डायऑक्साइड मोजणारे भावंड. आता ती जागा डोळ्यांपुढे आणा. डोके ओटीपोटाच्या हाडांमध्ये आणि गर्भाशयाच्या मुखात आवळलेले. त्यावर ओले केस, ते बारीक भादरायचे. मग तिथे गोंदाने किंवा पोकळी करून विद्युदग्र बसवायचा, आणि त्याआधी बाहेर त्याचे माप लावून घ्यायचे. सरकला की सारे पुन्हा पहिल्यापासून. पण ही झाली कारागिराची अडचण, चिकाटीने सुटली असती. खरी अडचण मुळातच होती. दाबामुळे डोक्याच्या कातडीला सूज येते, कळेबरोबर तिथला रक्तपुरवठा आटतो, आणि मग यंत्र सांगते ते त्या रुपयाएवढ्या चेपलेल्या कातडीचे वर्तमान, बाळाचे नव्हे. त्याहून विलक्षण म्हणजे बाळ खरोखरच संकटात आले की शहाण्या गृहिणीसारखे वागते. पीठ कमी पडले की ती आधी स्वतःच्या पानातली भाकरी कमी करते. बाळ कातडीचा आणि हातापायांचा पुरवठा तोडते, आणि मेंदू, हृदय यांना राखते. ज्या घडीला साक्ष सर्वांत मोलाची, त्याच घडीला कातडी मेंदूबद्दल काही सांगू शकत नाही. कार्बन डायऑक्साइड कातडीतून ऑक्सिजनपेक्षा सहज झिरपतो, म्हणून त्याचे आकडे जरा बरे निघाले. पण प्रसूतिगृहातल्या रोजच्या वापरात दोन्हीही आली नाहीत.

स्वप्न एवढ्यावर विझले नाही. बोटाच्या चिमट्याचेच तत्त्व, म्हणजे रक्ताच्या रंगातून जाणाऱ्या प्रकाशावरून ऑक्सिजनचे प्रमाण ओळखणे, घेऊन बाळाच्या गालाशी टेकवायचे साधन निघाले. ३० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा, असा त्याचा हिशेब. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली त्याला सशर्त परवानगी दिली. मग तिथल्या वैद्यकाने आपल्याकडे सहसा न होणारी गोष्ट केली. ५,३४१ बायकांना ते यंत्र लावले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटात डॉक्टरांना आकडा दिसत होता, दुसऱ्या गटात तो झाकून ठेवला होता. २००६ साली निकाल छापून आला. आकडा दिसत होता तिथे सिझर २६.३ टक्के, झाकला होता तिथे २७.५ टक्के. बाळांच्या प्रकृतीत फरक नाही. यंत्र बाजारातून गेले. (त्या चिमट्याबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. काळ्या वर्णाच्या माणसांच्या रक्तातला खरा ऑक्सिजन कमी असताना चिमटा चांगला आकडा दाखवतो, असे गोऱ्यांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा घडते, हे २०२० साली अमेरिकेत दिसून आले. आपण सावळ्या लोकांनी त्या तांबड्या आकड्याला २०२१ मध्ये जो नमस्कार घातला, तो जरा बेतानेच घालायला हवा होता.)

हे सर्व सांगितले ते त्या संशोधकांची टर उडवण्यासाठी नव्हे. त्यांनी योग्य प्रश्न विचारला, उत्तर हाती लागेना हे पाहून यंत्र खाली ठेवले. याला विज्ञान म्हणतात. मला बोचते ते पुढचे. रक्ताच्या अधिक जवळ जाणारी ही यंत्रे कसोटीला उतरली नाहीत म्हणून बाजूला झाली, आणि रक्तापासून सर्वांत दूर असलेली ठोक्यांची रेघ मात्र सिंहासनावर बसून राहिली. तिची कसोटी झाली नाही असे नाही. डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयात जवळजवळ तेरा हजार बायकांवर झालेला प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या बायकांना अखंड यंत्र, अर्ध्यांना ठराविक वेळाने कर्ण्याने ठोके ऐकणे. यंत्राच्या गटात झटके आलेली नवजात बाळे १२ होती, दुसऱ्या गटात २७. यंत्राच्या बाजूने एवढे नक्की मांडावे लागेल, आणि मी ते लपवणार नाही. पण चार वर्षांनी ती मुले पुन्हा तपासली तेव्हा मेंदूचा पक्षाघात यंत्राच्या गटात १२ जणांना होता आणि कर्ण्याच्या गटात १० जणांना. ज्या भीतीपोटी यंत्र आणले ती आहे तिथेच राहिली.

ती भीती मुळात कुठून आली? विल्यम लिटल या लंडनच्या शल्यविशारदाने १८६१ साली सांगितले की मुलांचे हे पांगळेपण अवघड बाळंतपणातून येते. मनोविश्लेषणामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या फ्रॉइडने १८९७ साली उलट शंका काढली, की आधीच काही बिघडलेले असल्यामुळेच बाळंतपण अवघड जात असेल तर? जगाने लिटलचे ऐकले. पुढे अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ पासून पुराव्याने दाखवून दिले की बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण जन्माच्या वेळचे गुदमरणे नसते. १९९६ साली त्यांनीच ठोक्यांच्या रेघेचा हिशेब मांडला. पक्षाघाताशी ज्यांचा संबंध जोडला जातो तसे दोष ज्यांच्या रेघेत दिसले अशी हजार बाळे घेतली, तर त्यांतल्या दोघांना पुढे हा विकार होतो. उरलेली ९९८ ठणठणीत. हजारात ९९८ वेळा लांडगा आला म्हणून ओरडणारा गुराखी आपल्या गोष्टीतही फार दिवस टिकला नाही. इथे त्याच्या ओरडण्यावर बिल फाडले जाते.

आता आपल्या मुलखाचे आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात शंभरातली २१.५ बाळंतपणे सिझरने झाली. महाराष्ट्रात २५.४, कर्नाटकात ३१.५, गोव्यात ३९.५ आणि तेलंगणात ६०.७. देशातल्या सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३, खासगीत ४७.४. तेलंगणाच्या खासगी रुग्णालयांत ८१.५. हैदराबादचे बाळ बेळगावच्या बाळापेक्षा दुप्पट गुदमरते, आणि खासगी खोलीतले बाळ सरकारी वॉर्डातल्या बाळापेक्षा तिप्पट, असे कुठल्या शरीरशास्त्रात लिहिले आहे? यातली सगळीच सिझरे रेघेमुळे होतात असे नाही. पहिले सिझर झाले म्हणून दुसरे होते, पाणी कमी म्हणून होते, आणि तेलंगणात काय, आपल्यातही काय, मुहूर्त काढून नक्षत्र गाठण्यासाठीही होते. तो पापाचा वाटा सासू-सासऱ्यांचा, डॉक्टरांच्या माथी मारू नये. पण 'बाळ गुदमरतंय' हे एकच कारण असे आहे की त्यापुढे कोणाचेही तोंड उघडत नाही. उलट, मध्य प्रदेशात हे प्रमाण १२.१ आहे, आणि तिथल्या आडगावांत ज्या बाईला खरोखर सिझर हवे तिला रात्री गाडी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली म्हटले होते की लोकसंख्येत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर त्यामुळे माता-बालकांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. त्याच संघटनेने २०१८ साली सांगितले की प्रकृती चांगली असलेल्या, आपोआप कळा सुरू झालेल्या बाईला अखंड ठोक्यांचे यंत्र लावण्याची शिफारस आम्ही करत नाही. कर्ण्याने किंवा हातातल्या छोट्या डॉप्लरने पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि दुसऱ्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ठोके ऐकावेत.

डॉक्टर मंडळींचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, उद्या काही झाले तर कोर्टात कागद लागतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शांता प्रकरणात डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणले, तेव्हापासून ही रेघ म्हणजे आमचे चिलखत. खरे आहे. जमावाने दवाखाना फोडण्याच्या या दिवसांत डॉक्टरलाही भीती असते आणि ती खोटी नसते. पण मग तेवढे स्पष्ट म्हणा. पट्टा बाळासाठी बांधला आहे असे सांगून तो वकिलासाठी बांधायचा, आणि त्या पट्ट्यापायी बाईला तासन् तास उताणी निजवून ठेवायची, याला उपचार म्हणता येत नाही. उताण्या निजलेल्या बाईच्या पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि वारेचा पुरवठा त्यानेच घटतो, हे पहिल्या वर्षाची नर्सही जाणते.

दुसरे उत्तर असते माणसे नाहीत म्हणून. दर पंधरा मिनिटांनी ऐकायला आमच्याकडे नर्स कुठे आहे? इथे डब्लिनच्या प्रयोगातली एक बाब नीट पाहायला हवी. तिथे दोन्ही गटांत सिझरचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत होते, आणि दोन्ही गटांत प्रत्येक बाईजवळ कळांच्या आरंभापासून शेवटपर्यंत एक सुईण बसलेली होती. २०१७ साली २६ प्रयोगांचा आणि पंधरा हजारांहून अधिक बायकांचा आढावा घेतला गेला. जिच्याजवळ कोणी तरी अखंड बसून राहते तिच्या सिझरचा संभव चौथ्या हिश्श्याने घटतो, आणि जन्मल्यावर मलूल दिसणारी बाळेही कमी होतात. बाळाच्या रक्तातले वायू सुधारण्याचा एवढा स्वस्त उपाय कुठल्या प्रयोगशाळेने काढलेला नाही. आपल्या आज्यांना तो पाठ होता. त्यांना बाकी पुष्कळ गोष्टी ठाऊक नव्हत्या, आणि त्या अज्ञानाने आया मेल्या, बाळे धनुर्वाताने मेली. जुन्याचे पोवाडे मला गायचे नाहीत. पण जवळ बसणे त्यांना येत होते. आज बहुतेक ठिकाणी आईला, बहिणीला, नवऱ्याला दाराबाहेर बसवले जाते आणि आत पट्ट्याला. भारत सरकारने सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत घेण्याचे धोरण २०१६ साली जाहीर केले आहे. व्यावसायिक सुइणी घडवण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ ची आहेत. साठ टक्के सिझरच्या त्या तेलंगणानेच हा अभ्यासक्रम त्याआधी वर्षभर सुरू केला होता. म्हणजे वाट दिसत नाही असे नाही.

साधेपणाने काय होते याचे दाखले आपल्याच मुलखात आहेत. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवले. श्वास न घेणाऱ्या नवजात बाळाला हवा कशी द्यायची हे त्या बायका शिकल्या, आणि बाकीच्या घरपोच काळजीसह तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत १,६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा प्रयोग झाला. देणाऱ्या होत्या उपकेंद्रांवरच्या नर्सबाई. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ साली तोही 'लॅन्सेट'मध्ये आला आणि जगभर वाचला गेला. बेळगावात किती घरांत तो ठाऊक आहे? नव्या रुग्णालयाच्या उद्घाटनाच्या पानभर जाहिराती मात्र आपण घडी घालून ठेवतो.

आता आपल्या खास दुखण्याकडे येतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सीमाभागात माहेर आणि सासर यांच्यामध्ये पुष्कळदा राज्याची हद्द असते. चंदगडची बाई बेळगावला येते, हैदराबादेत दिलेली लेक लातुरात येते, पेडण्याची सावंतवाडीला जाते. बाजारापुरती दुसरी भाषा आपल्या सर्वांना येते, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमानही आहे. पण कळांच्या शेवटच्या तासात बाईला दुसरी भाषा आठवत नाही. बेळगावकडे कन्नडमध्ये कूसु म्हणजे बाळ. मराठीत कूस म्हणजे ते वाढते ती जागा. आत सिस्टर कूसूबद्दल काही सांगते, ही कुशीवर वळते. हसू येते, पण त्या खोलीत हे हसण्यासारखे नसते. आणि या दोन सख्ख्या शेजारणींच्या मध्ये तिसरीच भाषा येऊन निर्णय देते. 'डिस्ट्रेस' हा शब्द ना मराठीचा ना कन्नडचा. त्याचा अर्थ 'रेघ मनासारखी नाही' इथपासून 'दहा मिनिटांत बाळ जाईल' इथपर्यंत काहीही असू शकतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या बापाला त्यांतला कोणता हे कळत नाही. संमतिपत्र छापील इंग्रजीत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात बजावले आहे की पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे. न कळणाऱ्या भाषेत दिलेली माहिती पुरेशी कशी, हे कोणी तरी एकदा समजावून सांगावे. दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरे मोठी असावीत यावर आपल्याकडे मोर्चे निघतात, दोन्ही बाजूंनी निघतात. संमतिपत्राच्या भाषेसाठी निघालेला मोर्चा मी ऐकलेला नाही.

कोणी या लेखाचा असा अर्थ काढू नये की रात्री सही मागितली तर हुज्जत घालावी. नाळ बाहेर घसरली, वार आधीच सुटली, ठोके पडले ते वर आलेच नाहीत, अशा वेळी मिनिटे मोजलेली असतात, आणि तेव्हा सिझर करणारा डॉक्टर देवासारखाच. विचारायचे ते सातव्या महिन्यात, दिवसाउजेडी, डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीवर बसून. हिच्याजवळ कोण बसणार? आमची बाई आत घ्याल का? प्रकृती चांगली असेल तर हिला हिंडू-फिरू द्याल ना? रेघ बिघडली तर सही मागण्याआधी काय काय करून पाहाल, आणि ते आम्हाला कोण सांगेल, कोणत्या भाषेत? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, आणि असे डॉक्टर आपल्या गावांत आहेत.

संमतिपत्राचा मजकूर जेमतेम दीड पानाचा असतो. ज्या रुग्णालयाला तो सोप्या मराठीत हवा असेल त्याने या अंकाच्या संपादकांकडे कोरा नमुना पाठवावा. मराठी मी आठ दिवसांत करून देतो. कन्नडसाठी आमच्याच गल्लीत दोन निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी होकार दिला आहे. तेलुगूसाठी हैदराबादच्या कोणा वाचकाने कळवावे.